सदस्य परत येणार आहे

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. विट्यात कुणालाही विचारा, केबलवाला सर्जेराव शिरतोडे म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाच्या पट्ट्याबद्दल सांगतील आणि मग दुकानाचा पत्ता. एके काळी अर्ध्या गावात माझी केबल होती. खांद्यावर शिडी टाकून मी या गच्चीवरून त्या गच्चीवर फिरायचो. मग केबल गेली, वायरी भंगारात गेल्या, आणि मी लोकांची टीव्ही बघायची खाती सांभाळायला लागलो. कुणाचं खातं अडकलं, कुणाच्या नावात घोळ झाला, कुणाच्या जावयालाच परका माणूस समजून टीव्हीनं बंदी घातली, की सगळे माझ्याकडे येतात. 'ओसरी' नावाच्या कंपनीचा आमच्या तालुक्यातला अधिकृत माणूस मीच.

पासवर्ड बंद होऊन आता नऊ वर्षं झाली. नवीन पोरांना तो शब्दसुद्धा माहीत नाही. पासवर्ड म्हणजे वाटून खायची गोष्ट होती. एका घरानं खातं काढायचं आणि भावकीतल्या पाच घरांनी बघायचं. कंपन्या शेवटी वैतागल्या आणि त्यांनी माणसालाच किल्ली करून टाकलं. टीव्हीखाली जो डबा असतो त्यात एक बारकं रडार आहे. त्याच्या लहरी खोलीभर फिरतात, आपल्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढं येते, हृदयाच्या ठोक्यानं त्याहून कमी हलते, पण तेवढंही त्या लहरीला कळतं. त्यात चालायची ढब आणि आवाज मिळवला की त्या घरातल्या माणसांची एक सही तयार होते. तिला आम्ही घरसही म्हणतो. ती फोनवरून मेव्हण्याला सांगता येत नाही आणि चोरताही येत नाही. माणूस म्हातारा होतो, त्याला दम लागतो, गुडघा धरतो, म्हणून डबा रोज थोडं थोडं नवं शिकत राहतो.

प्रश्न असतो तो घर सोडून गेलेल्या माणसाचा. कुणी कायमचं गेलं असं डब्याला वाटलं, की ठरलेल्या मुदतीनंतर त्याची नोंद पुसली जाते. आणि कुणी तात्पुरतं गेलं असेल तर त्याची जागा राखून ठेवतात. गेलेला माणूस कायमचा गेला की तात्पुरता, हे डबा दारात बोललेल्या निरोपावरून ओळखतो. आमच्याकडं टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि निरोपही बाहेरच्याच खोलीत, त्यामुळे त्याला सगळं ऐकू जातं.

ही सगळी तयारी घरापासून लांब राहणाऱ्यांसाठी. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला कुणी मदुराईत तर कुणी गुवाहाटीत. त्यांच्यासाठी ओसरीनं 'सोबत' नावाची सोय काढली. आपण काही बघताना जे बोलतो, हसतो, शिव्या घालतो, ते डबा त्या त्या प्रसंगावर टाचून ठेवतो. मागाहून घरातलं दुसरं माणूस तोच भाग बघायला बसलं, की त्याच जागी आपलं बोलणं त्याला ऐकू येतं. बसल्यासारखं वाटतं शेजारी. फोननं ते रेकॉर्ड करायला गेलं तर फोनमध्ये नुसती खरखर येते. घरातलं बोलणं घरातच राहतं, अशी जाहिरात मी स्वतः दुकानात लावली होती.

माझी बायको उज्ज्वला चौदा महिन्यांपूर्वी गेली. फुप्फुसाचं दुखणं होतं. मिरजेला नेलं, नवव्या दिवशी संपलं.

तिची एक मालिका होती. हजाराच्या वर भाग. दुपारी चारला ती खुर्ची टीव्हीपुढं ओढून बसायची, आणि मी त्या वेळी कुणाच्या तरी घरात डबा दुरुस्त करत असायचो. तीस वर्षांच्या संसारात मी एकदाही तिच्या शेजारी बसून टीव्ही बघितला नाही. एकदा बसा की हो, म्हणायची. मी म्हणायचो, त्या रडारडीत काय बघायचंय. असं बोलायचो मी, अगदी असंच.

तिचं सगळं कार्य झालं, पाहुणे पांगले, आणि घर खायला उठलं. काहीतरी आवाज पाहिजे म्हणून मी तिचीच मालिका पहिल्यापासून लावली. दुसऱ्या भागात ती सून तिजोरीची किल्ली सासूच्या हातात देते, तिथं माझ्या मागून उजूचा आवाज आला. "अगं बाई, देऊ नकोस. मेलीला कळत कसं नाही." मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथं कुणी नव्हतं. मग ध्यानात आलं, की सोबत चालू आहे.

त्या दिवसापासून मी दुपारी चारला दुकानाचं शटर ओढायचो. रोज एक किंवा दोन भाग, जास्त नाही, कारण संपायला नको होतं. ती सुनेवर चिडायची, सासूला शिव्या घालायची, मध्येच कुकरची शिट्टी झाली की उठायची. पुढं पुढं तिनं माझ्याशी बोलायला सुरुवात केली. तिला ठाऊक होतं सोबत कशी चालते, मीच शिकवलं होतं. "अहो, बघताय ना? ही नणंद अगदी तुमच्या आक्कासारखी बसते." मी हसलो, एकटाच, आणि मग तोंड झाकून रडलो. माणूस जिवंत असताना ऐकलं नाही आणि आता एकेका खोकल्यासाठी कान लावून बसलो होतो.

खात्यावर तिच्या नावापुढं लिहून यायचं, 'सदस्य परत येणार आहे'. मला नियम पाठ आहेत. घरात कुणी गेलं की मृत्यूचा दाखला जोडून नोंद करायची असते. मी शेकडो लोकांकडून ते करून घेतलं, रडणाऱ्या बायकांना दम देऊन करून घेतलं. स्वतःच्या घराची वेळ आली तेव्हा हात उचलेना. डबा तिला जाऊ देत नव्हता, का ते मी विचारलं नाही. कंपनीचा माणूस म्हणून सवलत मिळाली असेल, अशी मनाची समजूत घातली.

वर्षभरानं पुण्याच्या कचेरीतून अनघा बर्वे नावाच्या इंजिनिअर बाईंचा फोन आला. आवाज तरुण, बोलणं गोड, प्रत्येक वाक्याला सर. त्यांना आमच्या तालुक्याचं कोडं पडलं होतं. आमच्याकडं एकेका घरात अकरा-अकरा माणसं परत येणार म्हणून राखून ठेवलेली. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या मुलीसुद्धा माहेरच्या खात्यावर बसलेल्या. डबा बिघडलाय की लोक फसवतायत, तेच कळेना. त्यांनी मला दारातल्या निरोपाचे काही तुकडे ऐकवले. येतो. येते हं. येतो मग. चल, येते.

मी हसत सुटलो. म्हटलं, बाई, तुमच्या यंत्राला मराठी कुणी शिकवली? आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. माणूस कायमचा निघाला तरी येतोच म्हणतो, आणि नवरी सासरी जाताना हुंदके देत येतेच म्हणते. ते ऐकून तुमचं यंत्र वाट बघत बसलंय होय?

बाईही हसल्या. त्यांची स्वतःची मराठी घरची होती, पण यंत्र दुसऱ्या भाषेत शिकवून मग मराठीत आणलं होतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही आम्हाला शिकवून द्याल का, सर. मला सर म्हणून असं कुणी आजवर काही विचारलं नव्हतं. माझी छाती फुगली. तीन हजार तुकडे पाठवले त्यांनी. मी बारा दिवस बसून एकेकावर खूण केली, हा गेला, ही गेली, हा फक्त बाजारात गेलाय. चुकून एकही सोडला नाही. कंपनीनं कौतुकाचं पत्र पाठवलं ते मी दुकानात लावलं. माझं घर याच चुकीवर उभं आहे, हे त्या बारा दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर नोटीस. उज्ज्वला सर्जेराव शिरतोडे या सदस्य घर सोडून गेल्या आहेत. रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांची नोंद आणि सोबत पुसली जाईल.

मालिकेचे एकशे शहाऐंशी भाग अजून राहिले होते. मी बर्वेबाईंना फोन लावला आणि सुरुवातीलाच आवाज चढवला, की हा काय चावटपणा आहे. त्यांनी शांतपणे खातं उघडलं आणि शेवटची नोंद वाचून दाखवली. सकाळी दहा एकवीस. उज्ज्वला यांचा आवाज, 'येते हं'. त्यानंतर बाहेरून गाडीचा हॉर्न, दोनदा.

हॉर्न मीच वाजवला होता. तिला मिरजेला न्यायला गाडी काढून मी बाहेर उभा होतो आणि ती उशीर लावतेय म्हणून चिडलो होतो. रिकाम्या घरात उभं राहून ती कुणाला येते म्हणाली, हे मला चौदा महिन्यांनी कंपनीच्या नोंदीतून कळलं.

बाईंनी विचारलं, त्या आता कुठं आहेत, सर. मी म्हटलं, मिरजेला. नऊ दिवस दवाखान्यात होती. त्या समजल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. म्हणाल्या, तुम्ही नव्वद दिवसांच्या आत मृत्यूची नोंद केली असती तर कायद्यानं सगळी सोबत वारसाला मिळाली असती, एकूण एक शब्द. आता मुदत गेली. पुसायचं काम यंत्रच करतं, कुणाच्या हातात राहत नाही. मी हा नियम किती जणांना समजावून सांगितला होता, ते मोजायला नको. गेली एवढा एक शब्द लिहिला असता, तर ती माझ्याकडं राहिली असती.

दुपारी मी मुलीला फोन केला. सानिका हुबळीला असते, तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, तिला चार वर्षांची मुलगी आहे. मी तिला सगळं सांगितलं.

"अण्णा, चौदा महिने आईचा आवाज तुमच्याजवळ होता," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला एकदाही ऐकवला नाहीत?"

चार माणसांना कळलं तर कुणीतरी नोंद करील अशी भीती होती, ते खरं. पण त्याहून खरं हे, की मला ती सगळी माझ्यासाठीच पाहिजे होती. तीस वर्षांची भरपाई करत होतो मी, आणि त्यात पोरीला वाटा द्यायचं सुचलं नाही. हे मी तिला तसंच सांगितलं. तिनं फोन ठेवला.

बुधवारी सकाळी ती आली. मधल्या वेळात मी एकही भाग लावला नव्हता, वेळ हातातून चालला होता तरी लावला नाही. ती माझ्याशी नीट बोलली नाही. हातपाय धुऊन सरळ आईच्या खुर्चीत बसली आणि लावा म्हणाली. पहिलीच हाक ऐकून तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग दिवसभर आम्ही बघत राहिलो. उजू हसली की ती हसायची. उजूला खोकल्याची उबळ आली की आम्ही दोघंही मान खाली घालायचो. संध्याकाळपर्यंत तिचा राग उतरला, निदान ती मला चहा हवा का म्हणून विचारायला लागली.

गुरुवारी दुपारी ती घटना घडली. मालिकेतली सून पुन्हा त्या सासूच्या गोड बोलण्याला भुलली. सानिका नकळत बोलून गेली, "मेलीला कळत कसं नाही." आईचेच शब्द, आईचाच सूर. मायलेकींचा आवाज सारखाच होता. फोनवर पाहुण्यांचा कायम घोटाळा व्हायचा. सानिकाची स्वतःची नोंद तिच्या लग्नानंतर मीच नियमानं काढून टाकली होती. डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'उज्ज्वला, तुम्ही परत आलात का?'

आम्ही एकमेकांकडं बघितलं. डब्याची रीत मला माहीत होती. माणूस चौदा महिन्यांनी परत आलं तर त्याचा श्वास बदललेला असणार, चाल बदललेली असणार, म्हणून तो बरीच सूट देतो. हे मी सानिकाला समजावून सांगत होतो, शिकवायच्या ओघात, आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती उठली. रोज पेशंटची चाल बघायची तिची नोकरी. आईसारखा डावा पाय जरासा ओढत, दम लागल्यासारखे आखूड श्वास घेत ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "अहो, चहा टाकू का?"

पडद्यावर आलं, 'स्वागत, उज्ज्वला. तुमची जागा राखलेली होती.' नोटीस नाहीशी झाली. खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती, की रविवारपर्यंत या घरात तुमचा वावर दिसला पाहिजे, मग घरप्रमुखाची संमती घेतली जाईल. आणि त्याखाली, खोलीत दोन माणसं आहेत, सर्जेराव आणि उज्ज्वला.

त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगायला आता लाज वाटते. सानिकाचे डोळे चमकत होते. मागच्या अंगणात, डब्याला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, तिनं मला सगळा बेत सांगितला. दर महिन्याला दोन दिवस येईन, तेवढं पुरतं. आयुष्यभर येईन. मी तिला नको म्हटलं नाही.

मग घरात सानिका राहिली नाही. डबा दिवसभर ऐकत असतो, त्यामुळे ती मला अण्णा म्हणेना. अहो म्हणायची. पाय ओढत चालायची, थांबून श्वास घ्यायची, मध्येच खोकायची. तिच्या मुलीचा फोन आला की अंगणात पळायची आणि दबक्या आवाजात बोलायची, कारण घरात तिला आई म्हणून हाक मारणारं कुणी असता कामा नये. शुक्रवारी संध्याकाळी तर ती अंगणातसुद्धा पाय ओढत गेली. मी दारातून बघत राहिलो.

शनिवारी दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, चला, वाढलंय."

"आलो गं उजू," मी म्हणालो.

डब्यासाठी नाही म्हणालो. माझ्या तोंडातून ते आपसूक आलं. आत गेलो तर सानिका ताट मांडून उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं मला दुरुस्त केलं नाही, नुसती मान खाली घातली आणि माझ्या ताटातलं मीठ काढून घेतलं, रक्तदाबासाठी, तिची आई काढायची तसं. मग भिंतीला टेकून उभी राहिली. तिची आई मी जेवेपर्यंत तशीच उभी राहायची, आणि त्याबद्दल ही पोरगी लहानपणापासून माझ्याशी भांडत आलेली, की आई पण आपल्याबरोबर बसली पाहिजे. आता स्वतः उभी होती. मी हातातला घास ताटात ठेवला. कुणाला परत आणायला निघालो होतो आणि कुणाला घालवत होतो, ते मला त्या ताटावर कळलं. तिला बस म्हटलं तर ती नुसती हसली, आईसारखी.

रविवारी साडेचारला आम्ही दोघं टीव्हीपुढं होतो. भाग चालू होता. उजू नुकतीच त्या नणंदेला काहीतरी बोलली होती. चित्र थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला, 'उज्ज्वला कायमच्या परत आल्या आहेत. घरप्रमुख म्हणून आपली संमती आहे का? बोलून सांगा.'

सानिकानं माझा हात धरला आणि मान हलवली, म्हणा. हो एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. पुढचे दीडशे भाग, तिचं हसणं, तिचं रागावणं, मला मारलेल्या सगळ्या हाका त्या एका अक्षरापलीकडं होत्या. मी पोरीच्या तोंडाकडं बघितलं. ती अजून आखूड श्वास घेत होती. तिला ते आता करावंही लागत नव्हतं.

"ही माझी मुलगी आहे," मी डब्याला म्हणालो. "सानिका. हिची आई गेली. चौदा महिने झाले."

सानिकानं हात ओढून घेतला. डब्यानं पुन्हा विचारलं, उज्ज्वला गेल्या आहेत, अशी नोंद करू का. मी म्हटलं, कर. माझा आवाज फुटला, म्हणून त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा म्हटलं.

नावांच्या यादीतून तिचं नाव गेलं. त्याला काही आवाज झाला नाही.

"काय केलंत हे, अण्णा," सानिका म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं मला अण्णा म्हटलं. मग ती मोठ्यानं रडायला लागली, पूर्ण छाती भरून, स्वतःच्या आवाजात. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. मीही रडत होतो.

थांबलेला भाग आपोआप पुढं सुरू झाला. थोड्या वेळानं ती सून पुन्हा सासूच्या पाया पडली आणि तिला सगळं सांगून बसली. आमच्या खोलीत तिला कुणी काही बोललं नाही.